सुईखाली फिरणारे कापड

गेल्या काही दिवसांत ह्या व्यासपीठावरून आपण राज्यघटना, ग्रहगोल, शेती आणि पाणी असे भारदस्त विषय ऐकलेत. आज आम्ही शिवणयंत्राची गोष्ट घेऊन आलो आहोत. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'यंत्रावरची गोधडी' असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि मग सभ्यपणे 'बरं' म्हणाले. त्या थांबण्याचा आम्हांला मुळीच राग नाही. साठी उलटलेल्या एका बाईने नवे काम शिकावयास घेतले आणि दीड वर्ष कापड खराब केले, ह्यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे, असे दुसऱ्या कुणी हा विषय काढला असता तर आम्हांलाही वाटले असते.

परंतु कारण घडले ते असे. आमची आई २०१६ साली गेली. तिच्या पेटीत एक अपुरी वाकळ निघाली. वर तिचे इरकली लुगडे, खाली दुसरे तसलेच, मध्ये वडिलांच्या जुन्या धोतरांचे दोन पदर. वाकळ कडेकडून आत शिवत जाण्याची आपल्याकडे रीत आहे. बाया काठाशी धावदोऱ्याची ओळ धरतात आणि चौकोनात चौकोन घालीत मध्याकडे येतात. आईने चारी बाजूंनी वीतभर ओळी घातल्या होत्या. मधला भाग तसाच मोकळा राहिला होता. तो पुरा करावा असे मनात आले. पण आमच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलेला. सुई चिमटीत धरून दहा मिनिटे टाके घातले की हात रात्रभर ठणकतो. मजुरी देऊन कुणाकडून शिवून घेता आले असते, पण ते मन घेईना. तेव्हा उरले ते घरचे काळे शिवणयंत्र, लग्नानंतर घेतलेले आणि पुढे मोटार बसवलेले.

यंत्रावर सरळ ओळी मारून का टाकल्या नाहीत, असे कुणी विचारील. आम्ही तसा प्रयत्न एका जुन्या चादरीवर करून पाहिला. यंत्राच्या पायाखाली जे पोलादी दाते असतात ते खालचे कापड पुढे ढकलतात, आणि वरचे कापड मात्र पायाखाली अडून रेंगाळते. एकेरी-दुहेरी कापडात हे जाणवत नाही. चार थरांच्या गोधडीत दर वितीला वरचे कापड थोडे थोडे मागे पडते आणि ओळ संपताना चुण्यांचा पुंजका उभा राहतो. शिवाय वळण आले की अख्खी गोधडी यंत्राच्या कमानीखालून फिरवावी लागते. घरगुती यंत्राची कमान ती केवढी! सुईपासून उजव्या खांबापर्यंत जेमतेम सहा-सात इंच. तेवढ्यातून लुगड्याची गुंडाळी फिरवताना दोन्ही खांदे भरून आले.

ह्यावर एक उपाय आहे, आणि तोच आजचा विषय. दातेच निकामी करावयाचे. काही यंत्रांत दाते खाली घेण्याची कळ असते. नसेल तर त्यांवर पातळ पत्रा बसवतात किंवा दोन स्क्रू काढून ते काढूनच ठेवतात. मग कापड पुढे नेणारे कुणी उरत नाही. सुई एका जागी वरखाली होत राहते आणि आपण दोन्ही हातांनी कापड तिच्याखाली फिरवावयाचे. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, गोल, हवे तसे. जणू लेखणी भिंतीत रोवली आहे आणि लिहिणाऱ्याने कागद हलवून अक्षर काढावयाचे आहे. रेघ उजवीकडे हवी असेल तर कापड डावीकडे जाते, खाली हवी असेल तर वर. हे सांगावयास सोपे आहे. हाताला ते पटण्यास महिना गेला.

दाते काढल्याबरोबर एक गोष्ट आपल्या गळ्यात येते, ती म्हणजे टाक्याची लांबी. एरवी ती यंत्र ठरवते, आपल्याला फक्त एक कळ फिरवावी लागते. आता टाका किती लांब पडेल हे दोन गोष्टींवर अवलंबून राहते : पाय यंत्र किती वेगाने चालवतो आणि हात कापड किती वेगाने नेतात. हिशेब करून पाहा. यंत्र मिनिटाला ६०० टाके घालत असेल तर सेकंदाला १० झाले. अडीच मिलिमीटरचा टाका हवा असेल तर हाताने सेकंदाला २५ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच, कापड न्यावयास हवे. कमी नाही, जास्त नाही, आणि वळणावरसुद्धा तेवढेच. हात रेंगाळले की टाके मुंग्यांसारखे एकावर एक चढतात. हात धावले की लांब लांब टाके पडतात आणि धुण्यात अडकून तुटतात. वळणावर हात आपोआप वेग घेतात हे आम्हांला आमच्या पहिल्या तुकड्याची उलटी बाजू पाहून कळले. तिथे प्रत्येक वळणाला वरच्या दोऱ्याचे बारीक बारीक फासे उभे होते, डोळ्यांच्या पापण्यांसारखे. खालचा दोरा वळण न घेता सरळ कापून गेला होता आणि वरच्याला आपल्यामागे ओढून घेत होता.

पायाविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण पहिले आठ दिवस आम्ही तिथेच अडलो होतो. नेहमीचा सपाट पाय ह्या कामी चालत नाही. तो कापड दाबून धरतो. रफूसाठी एक वेगळा पाय मिळतो, त्याला स्प्रिंग असते आणि एक दांडी सुईच्या स्क्रूवर टेकलेली असते. सुई वर गेली की हा पाय उचलला जातो आणि कापड हलण्यास मोकळे होते; सुई खाली आली की तो कापडावर टेकतो. हे टेकणे फार महत्त्वाचे आहे. सुई तळाशी जाऊन परत फिरते त्या क्षणी दोरा किंचित ढिला पडून सुईमागे लहानसा फास होतो, आणि बॉबिनभोवती फिरणारा आकडा तो फास पकडतो. शिवणयंत्राचा सारा चमत्कार ह्या एका फासात आहे. कापड सुईबरोबर वर उचलले गेले तर फास होतच नाही आणि टाका चुकतो. आता हा पाय बसवल्यावर तो कापडापासून जरा वरच दिसतो, म्हणून मागचा खटका खाली पाडण्याचे आम्ही विसरलो. तो खटका वर असेपर्यंत दोऱ्याचा ताण धरणाऱ्या चकत्या उघड्याच राहतात. वरून शिवण ठीक दिसत होती; कापड उलटले तर खाली दोऱ्याचे घरटे! दोन तास कात्रीने ते घरटे कातरीत बसलो, आणि घरातल्या मंडळींनी त्यावर बराच काळ करमणूक करून घेतली.

ह्या अवस्थेत आम्ही पेठेतल्या एका कारागिराकडे गेलो. बँडवाल्यांच्या कोटांवर, देवळांच्या झेंड्यांवर, टोप्यांवर तो यंत्राने नावे भरून देतो. देवनागरी अक्षर, वेलांटी, उकार, सगळे कापडावर न रेखाटता. त्याच्या यंत्राला दाते नव्हतेच. कित्येक वर्षांपूर्वी काढले ते कुठे गेले हे त्यालाही आठवत नव्हते. गोधडी त्याने कधी शिवली नव्हती. आम्ही चार ओळी काढून दाखवल्या. तो म्हणाला, "ताई, सुईकडं कशाला बघताय? ती कुठं पळून जात नाही. जायचंय तिथं बघा."

आम्हांला वाटते, ह्या विद्येतले निम्मे एवढ्यात आले. सायकल शिकणारा मुलगा पुढच्या चाकाकडे पाहतो तोवर पडतो, आणि रस्त्याकडे पाहू लागला की चाक आपोआप सरळ होते, तसेच हे. सुईच्या टोकाकडे पाहिले की तिथे जे घडून गेले आहे तेच दिसते. नजर अर्धा इंच पुढे ठेवावी, जिथे रेघ पोचावयाची आहे तिथे, आणि हाताने नजरेमागून यावे. हे कळले त्या दिवशी काही जमले मात्र नाही. कळणे आणि जमणे ह्यांत किती महिने बसतात ते पुढे दिसलेच.

ही कला आज ज्या रूपात आहे ते रूप तिला अमेरिकेत आले. तिकडच्या गोधडीला क्विल्ट म्हणतात; तिच्या पोटात आपल्यासारखे जुने पदर नसून कापसाचा किंवा तशा तंतूंचा सलग थर असतो, त्यामुळे टाक्यांमधला भाग फुगून नक्षी उठून दिसते. शिवणयंत्र १८५०च्या दशकात घरांत येऊ लागले तेव्हाच तिकडच्या काही बायकांनी क्विल्टवर यंत्राची शिवण घातली, आणि ती लपवलीही नाही. यंत्र घरी असणे हीच त्या काळी मिरवण्याची गोष्ट होती. पुढे वारे फिरले. हाताचा टाका तो खरा, यंत्राचा तो बाजारी, असा समज रुजला. नेब्रास्का राज्यातल्या अर्नेस्ट हाइट नावाच्या शेतकऱ्याने यंत्रावर क्विल्ट शिवण्याची आपली पद्धत १९७४ साली पुस्तिका काढून सांगितली. १९८७ साली हॅरिएट हारग्रेव्ह ह्या बाईंचे यंत्रावरील नक्षीकामाचे पुस्तक आले आणि पुष्कळजणींनी त्यावरून ही विद्या घेतली. तरीही मोठ्या प्रदर्शनांतले पहिले बक्षीस हाताच्या कामालाच जावयाचे. केंटकी राज्यातल्या पाडुका गावी दरवर्षी मोठे प्रदर्शन भरते. तिथे १९८९ साली कॅरल ब्रायर फॅलर्ट ह्यांच्या 'कोरोना २ : सोलर एक्लिप्स' ह्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि त्या मानाचे हे यंत्रावर शिवलेले पहिलेच काम होते.

हा इतिहास वाचून आम्हांला थोडा धीर आला हे कबूल केले पाहिजे. आईच्या वाकळीवर यंत्र चालवणे म्हणजे तिच्या हातावर बोळा फिरवणे तर नव्हे, ही शंका मनात होतीच. ती आजही पूर्ण गेली आहे असे नाही.

मध्यभागी काढावयास आम्ही पिसांची वेल निवडली. अमेरिकेत ही जुनी आणि मानाची नक्षी आहे. मध्ये नागमोडी दांडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकींना चिकटलेल्या पाकळ्या. आपल्या बायकांना ती सहज ओळखू येईल, कारण एकेक पाकळी म्हणजे अर्धी कोयरीच. कोयरी आम्ही लहानपणापासून रांगोळीत, मेंदीत काढत आलो. तेव्हा हे सोपे जाईल असे वाटले होते. अडचण कोयरीत नाही, परतीच्या वाटेत आहे. पहिली पाकळी दांड्यापासून निघते, बाहेर जाते, माथ्यावर गोल होते आणि पुन्हा दांड्याशी येते. आता दोरा न तोडता दुसरी कशी काढावी? आलो त्याच रेघेवरून उलट पावली पहिलीच्या खांद्यापर्यंत जावयाचे, तिथून फाटा फोडून दुसरीचा माथा घडवावयाचा आणि परत दांड्याशी उतरावयाचे. म्हणजे प्रत्येक दोन पाकळ्यांच्या मधली भिंत दोनदा शिवली जाते. दुसऱ्या वेळी सुई पहिल्या रेघेवरच पडली तर भिंत एकच दिसते. सुताएवढी हुकली की दोन रुळांसारख्या दोन रेघा दिसतात, आणि एकदा दिसल्या की पाहणाऱ्याचे डोळे तिथेच जातात. त्यातही दांड्याच्या उजव्या बाजूच्या पाकळ्या आमच्या बऱ्या यावयाच्या आणि डाव्या बाजूच्या दुधीभोपळ्यासारख्या. कापड स्वतःकडे ओढण्याची हाताला सवय असते; तिरपे, दूर ढकलण्याची नसते.

सराव मांजरपाटावर सुरू केला, जून २०१८ मध्ये. रोज पंधरा-वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. हातच परवानगी देत नव्हता. प्रत्येक तुकड्यावर तारीख घातली. आरंभी ह्या मर्यादेचा आम्हांला फार राग येई. ज्यांचा अंगठा धड आहे त्या दिवसात चार तास बसून आठवड्यात शिकत असतील, असे वाटे. नंतर एक गोष्ट वाचनात आली. इंग्लंडच्या टपाल खात्याने आपल्या नोकरांना टंकलेखन शिकवावयाचे ठरवले, तेव्हा बॅडली आणि लाँगमन ह्या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले. कुणाला दिवसातून एकच तास, कुणाला दोन, कुणाला दोनदोन तासांच्या दोन बैठका. १९७८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य येण्यास एकूण तास सर्वांत कमी लागले. गंमत पुढेच आहे : आपल्या शिक्षणक्रमावर सर्वांत नाखूष तेच होते, कारण दिवस जास्त लागत होते आणि बाकीचे पुढे गेलेले दिसत होते. आम्ही हे वाचून हसलो. आमची नाखुषीही अगदी त्याच जातीची होती.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२०च्या दशकात मॉस्को येथे निकोलाय बर्नस्टाइन ह्या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. मुरलेल्या कारागिराचा हातोडा नेमका छिन्नीच्या माथ्यावर पडे. परंतु हाताचा, कोपराचा मार्ग मात्र कुठल्याही दोन घावांत सारखा नसे. म्हणजे वाकबगार हात तीच हालचाल घोकत नाही. तो दर वेळी तेच कोडे नव्याने सोडवतो. आम्ही सहा महिने उलट करीत होतो. एक पाकळी चांगली आली की हात कसे होते, कोपर कुठे होते ते आठवून तसेच पुन्हा ठेवण्याची धडपड. दुसरी पाकळी मोठी असे, दांडा वळलेला असे, गोधडीची गुंडाळी डावीकडून ओढत असे. तीच हालचाल तिथे कशी चालणार? नंतर आम्ही वेल मुद्दाम वाकडी काढू लागलो. कधी पाकळ्या बोटभर, कधी नखाएवढ्या. कापडाची जाडी बदलली. तुकडे पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागले, पण परतीची रेघ जुळू लागली.

बारीकसारीक सोयी ज्याच्या त्याने शोधाव्या. आम्ही बँकेतले कारकून नोटा मोजताना घालतात तशी रबरी टोपणे बोटांना घातली. कापड घट्ट दाबून धरावे लागत नाही आणि अंगठ्याला विसावा मिळतो. यंत्राच्या डावीकडे आणि मागे मेज लावले, कारण गोधडीचे वजन खाली लोंबले की तेच सुई ओढते. सुई वाकून खालच्या पट्टीवर आपटते आणि मोडते. सुया किती मोडल्या ते आम्ही मोजले नाही. थांबावयाचे ते नेहमी दोन पाकळ्यांच्या बेचक्यात, सुई कापडात रुतवून. माथ्यावर थांबले तर पुन्हा सुरू करताना तिथे गुडघा पडतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तुकडे बरे येऊ लागले होते. तरी आईचे लुगडे काढण्यास हात धजेना, आणि त्याला सबळ कारण होते. मांजरपाटावर चूक झाली तर उसवता येते, भोके नखाने चोळली की बुजतात. चाळीस वर्षे धुतलेल्या सुताचे तसे नसते. तिथे सुई गेली की तंतू तुटतो आणि भोक राहते. त्या कापडावर सरावाला जागा नाही, एकच आवृत्ती. मग आम्ही आमच्याच एका जुन्या लुगड्याचा चौकोन कापला, आत जुन्या पंच्याचे दोन पदर घातले आणि त्यावर वेल काढून पाहिली. कापड मांजरपाटापेक्षा किती निराळे वागते! ते सरकते, पण मागे लवत नाही. नक्षी फुगत नाही, नुसती रेघ दिसते, त्यामुळे चूक झाकावयास सावलीसुद्धा नाही. नेहमीची जाड सुई धागे फाडत होती. ११ नंबरची नवी कोरी सुई लावली तेव्हा ते थांबले. असे आणखी पाच चौकोन झाले.

दिवाळीनंतर शेजारच्या दोघींनी एका दुपारी मोकळ्या भागाला कच्चे टाके घालून दिले. पिना आम्ही त्या कापडात लावू दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कुणी नसताना, आम्ही यंत्राशी बसलो. खालचा दोरा वर ओढून घेतला, दोन्ही टोके धरली, खटका खाली पाडल्याची दोनदा खात्री केली, जागच्या जागी चार टाके घातले आणि निघालो. पहिल्या तीन पाकळ्यांत श्वास घेतला की नाही ते आठवत नाही. पंधरा मिनिटांनी घड्याळाप्रमाणे थांबलो. वेल पुरी होण्यास एकोणीस दिवस लागले. अकराव्या दिवशी बाहेर कुणीतरी दार वाजवले, आम्ही मान वळवली आणि नजरेबरोबर हातही वळले. एक पाकळी शेजारणीच्या अंगात शिरली. उसवली नाही. उसवून भोके राहिली असती.

आईच्या ओळी आणि आमची वेल ह्यांच्यामध्ये दोन बोटांची मोकळी पट्टी ठेवली आहे. तिच्या शेवटच्या टाक्यात तिने सोडलेला दोरा तसाच आहे. तो आम्ही कापला नाही, आत खोचला नाही, त्यावरून शिवण नेली नाही. तिचे टाके एका इंचाला पाच भरतात, आमचे दहा. तिचे सगळे सारखे आहेत.

वाकळ बाजूच्या मेजावर ठेवली आहे, आणि शेजारी जून २०१८ पासूनचे तुकडे तारखेवार लावले आहेत. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य हाताळून पाहावे. चुकलेली पाकळी दांड्याच्या डाव्या अंगाला, खालून सातवी. वाकळ उलटून मागची बाजूही पाहावी. पापण्या दोन-तीन ठिकाणी अजून आहेत.